हाटेमामांचा कौल

नमूद इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे आहे. नाव श्रीपत गोविंद हाटे. वय बावन्न. मूळ गाव नाते, हल्ली मुक्काम महाड, दस्तुरी नाक्याच्या पलीकडे. उंची पाच फूट चार इंच, वर्ण सावळा, डाव्या कानामागे पेन्सिल. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, वर्ग चार, रसायनशास्त्र विभाग. अतिरिक्त कार्यभार, क्रीडांगणावर फक्कीच्या रेषा मारणे. विशेष नैपुण्य, सावित्री चषकाच्या महाड विरुद्ध पोलादपूर या मुलींच्या कबड्डी सामन्याचा निकाल तीन दिवस अगोदर सांगणे. आजवर सामने अकरा, भाकिते अकरा, चुका शून्य. नैपुण्याचा आधार, भातपिकाच्या जातींचे सखोल ज्ञान. सदर माहितीबाबत कोणाचीही तक्रार प्राप्त नाही.

हा परिचय महाडच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक राजेंद्र सर यांनी लिहिला होता. यंदा सामन्याआधी श्रीपतचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचे ठरले होते, आणि सत्काराला परिचय लागतो. तक्रारीचे शेवटचे वाक्य श्रीपतने स्वतः घालायला लावले. कुठल्याही कागदाच्या शेवटी असे काहीतरी असले की वाचणारा मुकाट्याने सही करतो, हा त्याचा तीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव.

अकरा आणि शून्य या आकड्यांविषयी सांगायचे तर, भाकिते तो वहीत लिहून ठेवायचा. त्यातली पहिल्या आठ वर्षांची वही एकवीस सालच्या पुरात गेली. उरलेल्या वहीत तीनच नोंदी होत्या. परंतु पुरात महाडातली इतकी कागदपत्रे गेली होती की हरवलेली वही हाच मोठा पुरावा धरला जाई. ज्याची वही वाहून गेली नाही, त्याच्याजवळ वही होती कशावरून?

पद्धत अशी. पोलादपूरच्या संघातल्या निम्म्याहून जास्त मुली नेहमीच डोंगरातल्या वरच्या वाडीच्या. सामना दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापायला येते, गरवे दिवाळीच्या पुढे जाते. म्हणजे वाडीने हळवे लावले असेल तर सामन्याच्या दिवशी मुली शेतात, संघ अपुरा आणि महाड विजयी. गरवे असेल तर मुली मोकळ्या आणि पोलादपूर विजयी. श्रीपत आदल्या रविवारी वाडीतल्या रावजींना फोन लावी. रावजी पंचाहत्तरीचे. त्यांची लेक तुळसा पहिल्या वर्षी पोलादपूरची कप्तान होती, तेव्हापासूनची ओळख. श्रीपत विचारी, "नाना, भात कसं आहे?" रावजी एकतर म्हणत, "झालाय तसा," नाहीतर म्हणत, "बघू." 'झालाय तसा' म्हणजे हळवे, 'बघू' म्हणजे गरवे, हे श्रीपतने ठरवून टाकले होते. थेट विचारणे त्याला शास्त्रीय वाटत नसे.

मग बुधवारी, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, चहाच्या दुसऱ्या बशीला तो एक शब्द उच्चारी: "महाड," किंवा "पोलादपूर." कॅन्टीनवाल्या कमळाबाई तो शब्द मोबाइलवर पाठवत आणि बशी विसळायच्या आत तो घाटाच्या पायथ्याला पोचलेला असे.

यंदाच्या रविवारी रावजी म्हणाले होते, "झालाय तसा." म्हणजे महाड. बुधवारी तोंड उघडण्याचेच काम बाकी होते.

अडचण एवढीच की श्रीपतची मुलगी मानसी पोलादपूरकडून खेळत होती. बाप जिथे परीक्षानळ्या धुतो तिथे शिकायचे नाही, प्रत्येक सर घरापर्यंत तक्रार आणील, असे म्हणून तिने पोलादपूरच्या कॉलेजात नाव घातले. रोज एसटीने जायची-यायची. गेल्या वर्षी बदली खेळाडू होती, यंदा मुख्य चढाईपटू. आणि यंदा विद्यापीठाच्या संघासाठी मुली निवडायला एक बाई सामना बघायला येणार होत्या. हे गेले महिनाभर घरात इतक्यांदा बोलले गेले होते की शेजारच्यांनाही त्या बाईंची गाडी वीर स्टेशनला किती वाजता येते ते पाठ झाले होते.

मंगळवारी संध्याकाळी मानसी एसटीतून उतरून घरी आली, बॅग खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "पप्पा, उद्या काय सांगणार?"

"बुधवारचं बुधवारी."

"महाड सांगणार. तोंडावर लिहिलंय."

"वही पुरात गेल्यापासून तोंडावरच लिहितात," श्रीपतची बायको नीला आतून म्हणाली. ती अंगणवाडी सेविका. पंचवीस पोरांच्या गलक्यातही तिचे वाक्य ऐकू जाते, घरात तिघांत तर जातेच.

"मग शनिवारी सारिका येणार नाही," मानसी म्हणाली. सारिका म्हणजे रावजींची नात, संघाचा डावा कोपरा. "वरच्या वाडीच्या बाकी तिघीही येणार नाहीत. आम्ही उरणार तिघीच. मी एकदा बाद झाले की बाहेर बसणार. पकड करून मला परत आत आणणारं कोण? बाई काय बघणार, मी कशी बसते ते?"

"का येणार नाहीत?"

"कापणी आहे."

"तेच तर मी म्हणतो. कापणी आहे म्हणून महाड."

"तुम्ही महाड म्हणता म्हणून कापणी आहे."

श्रीपतने तिला पुन्हा सांगायला लावले. तिने सांगितले. मग नीलाने बाहेर येऊन सांगितले, सावकाश, अंगणवाडीत सांगतात तसे. गोष्ट अशी होती की पहिल्या वर्षी श्रीपत 'महाड' म्हणाला होता, तरी वाडी सामन्याला आली. हरली, आणि कापून ठेवलेले भात मागे खाचरात पावसात भिजले. तेव्हापासून वाडीने नियम केला. हाटेचा शब्द 'महाड' आला की उगीच हात वाया घालवायचे नाहीत, शनिवारी विळा लावायचा. 'पोलादपूर' आला की भात दोन दिवस उभे ठेवायचे आणि सगळ्या मुलींना खाली धाडायचे. सारिकाने हे मानसीला काल सांगितले, तेही सहज. तिला वाटले, घरात माहीत असेल.

श्रीपतने कानामागची पेन्सिल काढली. वहीच्या मागच्या पानावर 'भात' लिहिले, 'भाकीत' लिहिले, मध्ये बाण काढला. मग थोडा विचार करून उलटा बाणही काढला. वर्तुळ झाले. वर्तुळाला सुरुवात कुठे असते ते त्याला सापडेना. अकरा वर्षे तो भाताकडे बघून निकाल सांगत होता आणि भात त्याच्याकडे बघून पडत होते.

"म्हणजे मी काहीही म्हणालो असतो तरी बरोबरच आलं असतं," तो म्हणाला.

"हो. म्हणून उद्या पोलादपूर म्हणा."

"पण रावजी म्हणाले, झालाय तसा."

"पप्पा, ते दरवर्षी काहीतरी म्हणणारच ना. फोन तुम्ही करता."

त्याला एक जुने बोलणे आठवले. वरच्या वाडीत काही ठरवायचे असले की गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. श्रीपत चवदार तळ्याच्या गावात राहणारा, घरात बुद्ध आणि बाबासाहेब. त्याने एकदा रावजींना स्पष्टच विचारले होते की दगडाला काय कळते. रावजी रागावले नव्हते. म्हणाले होते, "दगडाला कळत नाय, म्हणून तर त्याला इचारायचं. ज्याला कळतं तो पदरचं घालून सांगतो." तेव्हा श्रीपत हसला होता. आता अकरा वर्षे आपण तिथे नेमके कोणाचे काम करत होतो हे लक्षात आल्यावर त्याला हसू येईना.

बुधवारी कॅन्टीनमध्ये नेहमीपेक्षा गर्दी होती. श्रीपतने पहिली बशी संपवली, दुसरी ओतली, आणि म्हणाला, "सांगता येत नाही."

"म्हणजे महाड ना?" राजेंद्र सरांनी विचारले.

"म्हणजे सांगता येत नाही."

"हाटेमामा, शाल आणून ठेवलीय."

"ठेवा."

"परिचयात काय वाचू मी?"

कमळाबाई मोबाइलवर बोट धरून थांबल्या होत्या. "मग कोण जिंकणार ते कळायचं कसं?"

"शनिवारी कळेल."

"शनिवारी तर सगळ्यांनाच कळेल," कमळाबाई म्हणाल्या आणि काय पाठवावे ते न सुचून त्यांनी एक गोंधळलेला चेहरा पाठवला.

घरी मानसीने जेवणाचे ताट पुढे ओढले आणि मग मागे सारले. "एक शब्द होता, पप्पा. पोलादपूर. तेवढा नाही जमला."

"तू जिंकावंस असं मला वाटतं. मग ते भाकीत कसलं?"

"मग काय ते?"

"इच्छा."

"इच्छेनंसुद्धा सारिका आली असती."

महाड म्हटले तर मुलीचे नुकसान, पोलादपूर म्हटले तर पदरचे घातले, आणि काही न म्हटले तर काय, ते त्याला माहीत नव्हते. म्हणून गुरुवारी सकाळी त्याने रावजींना फोन लावला. वाडीत रेंज पाण्याच्या टाकीपाशीच येते, त्यामुळे रावजी धापा टाकत बोलत.

"नाना, माझ्या बोलण्यावर कापणी ठरवू नका."

"तू बोललास काय पण?"

"काहीच नाही बोललो."

"तेच इचारतोय. कधी बोलणार?"

"बोलणारच नाही. मला कळत नाही त्यातलं."

"म्हंजे उजवा नाय नि डावा पण नाय," रावजी म्हणाले.

"नाना, मी दगड नाही."

"नाय रे. दगड बरा. एवढे आढेवेढे घेत नाय." आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी श्रीपत मैदानावर एकटा फक्की मारत होता. बाजूच्या रेषा सरळ आल्या. मध्यरेषा त्याने अंदाजाने मारली, कारण मोजायचा टेप प्रयोगशाळेत राहिला होता आणि डोके दुसरीकडे होते. मागे सरून बघितले तर महाडचे अंगण अरुंद आणि पोलादपूरचे रुंद. मग टेप आणला, मोजले, आणि चार बोटे पोलादपूरच्या बाजूला सरकवून दुसरी रेषा मारली. पहिली चपलेने पुसली. पूर्ण पुसली गेली नाही, पण फक्कीचे डबडे संपले होते आणि निवडीच्या बाई वीरहून रिक्षाने येऊन खुर्चीत बसल्याही होत्या.

साडेनऊला पोलादपूरच्या तीन मुली होत्या. मानसी आणि आणखी दोघी. शिवाय त्यांचे सर, जे सारखे रस्त्याकडे बघत होते. मानसी बापाकडे बघत नव्हती.

पावणेदहाला एक टेम्पो आला. त्यातून सारिका उतरली, वाडीच्या बाकी तिघी उतरल्या, मग त्यांच्या आया, मग चुलते, मग पोरे, आणि सगळ्यांच्या शेवटी, दोघांनी धरून, रावजी. चाळीसेक माणसे तरी असतील. दोन बायकांच्या कमरेला विळे तसेच होते.

"नाना, कापणी?"

"कौल मिळाल्याबिगर विळा लावता येतो काय?" रावजी म्हणाले. "नाय मिळाला तर काम थांबवायचं, ही आमची रीत हाय. तू थांबवलंस. घरात बसून काय करायचं, म्हणून आलो सगळी. बसायचं कुठं?"

श्रीपतने आभाळाकडे पाहिले. रायगडाच्या अंगाला ढग चढत होते. डोंगरात भात पिकून उभे होते आणि कापणारी माणसे इथे सावली शोधत होती. आपण न बोललेल्या शब्दाने एवढे होते, तर बोललेल्याने काय काय झाले असेल, याचा हिशेब त्याने सुरू केला आणि लगेच सोडला.

सत्कार झाला. राजेंद्र सरांनी परिचय वाचला, सामने अकरा, भाकिते अकरा, चुका शून्य, इथपर्यंत आले, कागद खालीवर केला आणि म्हणाले, "यंदाचे भाकीत प्रलंबित आहे." टाळ्या पडल्या. ऑक्टोबरच्या उन्हात लोकरी शाल अंगावर घेऊन श्रीपत रेषेजवळच्या खुर्चीत बसला. ती काढायची केव्हा हे त्याला कोणी सांगितले नाही.

सामना असा झाला की कोणाला काही उमगेना. महाड पाचने पुढे, मग पोलादपूर दोनने पुढे, मग परत महाड. मानसी तीनदा बाद होऊन बाहेर बसली आणि तीनदाही सारिकाने कोपऱ्यातून घोटा धरून चढाईवालीला खाली ओढले आणि मानसीला आत आणले. अकरा वर्षांत या सामन्याला एवढी माणसे आली नव्हती. निकाल आधीच ठाऊक असला की बघायला कोण येतो? कमळाबाईंनी कॅन्टीन बंद केले होते.

शेवटच्या चढाईला गुण अठ्ठावीस-अठ्ठावीस. चढाईला मानसी. ती महाडच्या अंगणात शिरली, एकीला हात लावला, वळली, आणि दोघींनी मागून तिची कंबर धरली. ती आडवी पडली. दम न सोडता सरपटत तिने हात लांब केला, बोटे रेषेवर टेकवली, आणि शिट्टी झाली.

वरच्या वाडीने पोलादपूर जिंकले म्हणून गलका केला. महाडच्या मुलींनी पकड झाली म्हणून केला. पंच वाकून बघू लागले. मैदानावर पावलांनी सगळी फक्की विस्कटली होती, आणि तिथे दोन रेषा होत्या, सारख्याच फिकट, चार बोटांच्या अंतराने. मानसीची बोटे महाडच्या बाजूच्या रेषेवर होती, दुसरीपर्यंत पोचली नव्हती.

"फक्की कोणी मारली?" पंचांनी विचारले.

सगळे शालीकडे बघू लागले.

"यातली खरी रेषा कोणती?"

मानसी तशीच पडलेली होती, हात न हलवता. तिने मान वळवून बापाकडे पाहिले. दोन दिवसांत पहिल्यांदा. सारिका तिच्याजवळ उकिडवी बसली होती. निवडीच्या बाई खुर्चीतून उठल्या होत्या. श्रीपतच्या तोंडाशी 'सांगता येत नाही' आले होते. ते वाक्य आता त्याला सवयीचे झाले होते. पण या वेळी त्याला कळत होते. या आठवड्यात नक्की माहीत असलेली ती एकच गोष्ट होती.

"पोलादपूरकडची," तो म्हणाला. "ती टेपने मोजलीय. महाडकडची अंदाजाने मारली होती. ती चुकली."

पंचांनी महाडला गुण दिला. एकोणतीस-अठ्ठावीस.

रावजी काठी टेकत त्याच्या खुर्चीपाशी आले, शालीचा काठ बोटांत धरून जरासा पारखला, आणि म्हणाले, "पोरीसाठी पण नाय घातलंस पदरचं. दगडच निघालास की रे." हे कौतुक होते की शिवी, हे श्रीपतला त्या दिवशी कळले नाही आणि विचारण्याचा धीर झाला नाही.

निवडीच्या बाईंनी जाताना कागदावर दोन नावे लिहून दिली. सारिका, संघात. मानसी, राखीव.

घरी जाताना मानसी दस्तुरी नाक्यावर म्हणाली, "राखीव म्हणजे आत का बाहेर?"

"मला वाटतं, दाराशी."

थोडे पुढे जाऊन तिने विचारले, "टेप आधी कुठं होता?"

"लॅबमध्ये."

"मग आधी आणायचा ना, पप्पा. चार बोटं मी अजून सरकले असते."

त्या संध्याकाळी वहीत बारावी नोंद करायला श्रीपत बसला. भाकीत या रकान्यात त्याने 'सांगता येत नाही' लिहिले, निकाल या रकान्यात 'महाड'. बरोबर की चूक या रकान्यावर पेन्सिल बराच वेळ धरली. 'झालाय तसा' म्हणजे महाड, त्या हिशेबाने बरोबर. पण तो म्हणालाच नव्हता. नीलाने दिवा लावता लावता बघितले आणि म्हणाली, "तिथे लिहा, राखीव."

तेवढ्यात पाऊस आला. परतीचा, विजांसकट, तासभर.

सोमवारी श्रीपतने रजा टाकली आणि मानसीला घेऊन पहिल्या एसटीने पोलादपूर गाठले. तिथून वाडीपर्यंत चालत. नीलाने डबा देताना एकदाच आठवण केली होती की दुसऱ्याच्या शेतात आपल्यातल्या कोणी वाकायचे नाही ही सासूबाईंची आण होती. श्रीपत म्हणाला, आईची आण वेठीला बोलावून नेणाऱ्यांसाठी होती, आपल्याला कोणी बोलावलेले नाही. नीलाने डब्यात दोन भाकऱ्या जास्त घातल्या.

भात आडवे झाले होते. वाडीची सगळी माणसे खाचरांत होती, सारिकाही. तिने मानसीला विळा दिला आणि कसा धरायचा ते दाखवले. रावजी बांधावर बसले होते. श्रीपतला बघून त्यांना नवल वाटलेले दिसले नाही. त्यांनी शेजारचा विळा उचलून त्याच्या हातात दिला.

श्रीपतने एक लोंबी उचलून तळहातावर घेतली, उन्हात धरून बारकाईने पाहिली. मग बारा वर्षांत प्रथमच थेट विचारले, "नाना, हे हळवं का गरवं?"

रावजींनी आधी त्याच्याकडे आणि मग लोंबीकडे पाहिले.

"ही वरकस जमीन हाय," ते म्हणाले. "पाणी ठरत नाय हितं. सगळा हळवा."

वरच्या वाडीत गरवे भात कोणी कधीच लावलेले नाही.